तीन पेडांचा दोर आणि ताराबाईची बकरी

नागभीडजवळच्या त्या गावात डोमा कुणाकडे गेला, की माणसांआधी दोरांची विचारपूस करी. बैलाचं दावं चिमटीत धरून बघे, खाटेचा सुंभ बोटाने वाजवे. एका लग्नात तो मांडवाची दोरी न्याहाळत भर पंगतीत बोलून गेला, "मांडव झकास हाये, पन गाठ काई टिकत नाई." नवरीच्या मामाने भलताच अर्थ घेतला आणि डोमाला बुंदी न खाताच निघावं लागलं.

अंबाडीचा दोर वळण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आधी वाखाचे, म्हणजे अंबाडीच्या धाग्यांचे, पेड एका बाजूला पिळायचे, मग तिन्ही पेड मिळून उलट्या बाजूला वळायचे. म्हणजे एक सुटू पाहतो, तर दुसरा सुटू देत नाही. "नवराबायकोवानी," डोमा सांगे.

"मंग तिसरा पेड कोन?" त्याची बायको रुखमा विचारी. यावर डोमा तंबाखू मळायला घेई.

बाजारातल्या विणलेल्या नायलॉन दोरीला तो 'पोरीची वेनी' म्हणून हिणवायचा.

एप्रिलात शेजारच्या ताराबाईची बकरी आटलेल्या विहिरीत पडली. तळाशी चिखल होता म्हणून हातपाय शाबूत राहिले, पण ओरडून तिने गाव गोळा केलं. पंप बसवणारा हेमराज आपली विणलेली दोरी घेऊन धावला. डोमाने त्याला हातानेच थांबवलं. घरून अंगठ्याएवढा जाड, नवाकोरा दोर आणून कमरेला, मांड्यांना बांधला. चौघांनी वर धरला आणि डोमा विहिरीत लोंबकळला.

"दोर असा पायजे," एवढं म्हणेतो त्याचं तोंड भिंतीकडे वळलं. पुन्हा समोर आलं. "का हत्ती बी," पुन्हा भिंत. नव्या दोराचा पीळ वजनाने उलगडत होता, आणि त्याच्यासोबत डोमाही.

"डोमाभाऊ, तुमी फिरून काऊन राह्यले?" हेमराज वरून ओरडला.

"मी नाई! विहीर फिरून राह्यली!"

तळाला टेकल्यावर त्याने बकरी समजून दोनदा दगडाला मिठी मारली. बकरी बाजूला उभी राहून गुमान बघत होती.

"वर ओढू का, भाऊ?"

"थांबा, थांबा! पयले तिले न्या."

त्याने दोर सोडून बकरीला बांधला. ती गरगरत वर गेली, दर फेरीला एकेक बें करत. काठावर ठेवताच तिरकी चालत ताराबाईला ओलांडून थेट बाजूला बसलेल्या रुखमाच्या मांडीत जाऊन बसली.

मग विहिरीतून बारीक आवाज आला. "हेमराज, तुयी ते वेनी टाक."

वेणी हातात आली आणि डोमा चिखल विसरला. अर्धे पेड उजवीकडून, अर्धे डावीकडून, एकमेकांच्या खालून-वरून गेलेले. एक इकडे फिरवू पाहतो, दुसरा तिकडे. मग फिरणार कोण? वरून चौघांनी शिव्या घातल्या तेव्हा कुठे त्याने ती कमरेला बांधली. तो सरळ वर आला, पाहुण्यासारखा.

आता तो सांगतो, "बांधा-ओढायले तीन पेडांचा दोर, गाठ बी धरते. मानूस लटकवाचा असन त वेनी."

त्याने स्वतः विणलेली पहिली दोरी इतकी ओबडधोबड झाली, की रुखमाने ती कपडे वाळत घालायला बांधली. डोमा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ती ओढून बघायला लावतो. त्यामुळे घरची धुणी रोज एकदा तरी मातीत पडतात आणि ती पुन्हा धुण्याचं काम रुखमाने आता त्याच्याकडेच दिलं आहे.