एका रात्रीची साक्ष

"म्हणजे परक्या बाईनं लिहिलं की तुझ्या डोळ्यांना रुमाल, आणि नणंदेनं लिहिलं की नाकाला मिरच्या," वन्सं म्हणाल्या. "सरळ सांग ना, पाहवत नाही म्हणून."

"न पाहवायला काय झालं?" भावजय म्हणाली. "पहिल्या नऊ प्रकरणांना मीच छान म्हटलं. दहावं तेवढं काढा म्हणतेय."

"छापून, बांधून घरात आलेल्या पुस्तकातलं प्रकरण काढायचं. उसवायचा टाका आहे का तो?"

पुस्तकांची खोकी दुपारीच छापखान्यातून आली होती. वन्संच्या घराला दोन जिने चढावे लागत, म्हणून ती भावाच्या घरी उतरवली होती, तीही नेमकी पुढच्या खोलीतून बाथरूमकडे जायच्या वाटेवर. भावाची लेक त्यांवरून पाय टाकत म्हणाली, "आत्या, भांडण चालू दे, पण एक खोकं सरकव. तुझ्या ह्या छापील आशीर्वादांवरून उड्या मारून मी एक दिवस तोंडावर पडेन."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या. त्या संध्याकाळी दोघींचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

भावजयीचा नवरा, म्हणजे वन्संचा भाऊ, टेबलाशी बसला होता. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. कुठल्याशा इमारतीतलं अडकणारं बटण घरी आणून तो लहान ब्रशने साफ करत होता. बटण केव्हाच स्वच्छ झालं होतं. तरी त्याचा ब्रश चालूच होता, कारण दहावं प्रकरण त्याच्याबद्दल होतं.

त्याच्या बायकोला चर्चमध्ये सगळे वाचकबाई म्हणत. लेक शाळेत जायला लागली तेव्हापासून ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसत होती. गिऱ्हाईक आलं की फ्रेम्स काढून दाखवायच्या, नाकावर नीट बसते का बघायचं, कानामागची काडी गरम करून वाकवायची. गिऱ्हाईक नसलं की खण अर्धा उघडून त्यात ठेवलेलं पुस्तक वाचायचं. मालकाला हे ठाऊक होतं. चष्म्याच्या दुकानात कुणी वाचताना दिसलं तर धंद्याला बरंच, असं म्हणून त्याने कानाडोळा केला होता.

पुस्तकं चर्चच्या कपाटातली. मागच्या दाराजवळ ते काचेचं कपाट होतं. वरच्या फळ्यांवर ख्रिस्ती कादंबऱ्या, खालच्या फळ्यांवर उभारी देणारी पुस्तकं: चिंता घालवणारी, संसार सावरणारी, पहाटे उठवणारी. तिने सगळ्या फळ्या संपवल्या होत्या. उपासना झाली की लोक कपाटाशी थांबत, एखादं पुस्तक वर धरत आणि लांबूनच विचारत, "हे कसं आहे हो?" तिचं उत्तर एका वाक्यात असे. "रडायचं असेल तर न्या." "नायिका फार गोड आहे, दाढ दुखेल." "शेवटची वीस पानं सोडून वाचा." "यातला देव फार बोलतो."

ख्रिस्ती कादंबऱ्यांतल्या नास्तिक डॉक्टरवरून ती चिडायची. डॉक्टरवर नव्हे, त्याचे जे हाल करतात त्यांवर. "शेवटून दुसऱ्या प्रकरणात त्याला चष्मा काढून पुसायलाच लावतात. आमच्याकडे एवढे डॉक्टर येतात. ते चष्मा पुसतात तेव्हा काचेवर धूळ असते." वाईट माणसाला कधी आई का नसते आणि नायिका दिवसभर आजाऱ्यांच्या उशाशी बसते तर तिच्या घरची भांडी कोण घासतं, हे तिला नेहमी पडणारे प्रश्न. यशाच्या पायऱ्या मोजून देणाऱ्या पुस्तकांबद्दल ती म्हणे, "पायऱ्या लिहिणाऱ्यांच्या घराला लिफ्ट असते. ह्यांना विचारा." मग नवरा गंभीरपणे मान हलवी.

पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, "बाई, लेखकांशी फार कडक वागता तुम्ही."

"मी देवाच्या बाजूनं बोलते, साहेब. लेखकांनी त्याला घरगडी करून ठेवलाय. बेल वाजवली की हजर."

पण ती टवाळी करायला वाचत नव्हती. एक पातळशी कादंबरी ती कपाटाशी येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात ठेवत असे. त्यात अबोला धरलेल्या दोन बहिणी एकाच स्वयंपाकघरात वावरतात. मोठीचं मन वळावं म्हणून धाकटी रोज प्रार्थना करते. ते वळत नाही. धाकटी आजारी पडते तेव्हा मोठी तिचे कपडे धुऊन वाळत घालते, तेही तोंड वाकडं करूनच, आणि पुस्तक संपतं. "ज्या पुस्तकात एकही प्रार्थना नाकारली जात नाही ते मला खरं वाटत नाही," वाचकबाई म्हणे. "नकार मिळाल्यावर बाई दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा गुडघे टेकते का, ते बघायला मी एवढी पुस्तकं उपसते."

हे मत तिने कुठून आणलं ते कुणाला माहीत नव्हतं. लोकांना माहीत होती ती वन्संची साक्ष.

वन्सं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आई लवकर गेली आणि भावाला त्यांनीच वाढवलं. भाऊ पिऊ लागला आणि एका रात्री इमारतीच्या दाराशी पडलेला सापडला, तेव्हा वाचकबाईने त्यांनाच बोलावलं. त्यांनी पुढच्या खोलीत गुडघे टेकले ते उजाडेपर्यंत. सकाळी भावाने उरलेली बाटली आपल्या हाताने बेसिनमध्ये ओतली. त्या रविवारी वन्सं उपासनेत उभ्या राहिल्या आणि माझ्या भावाला प्रभूनं एका रात्रीत सोडवलं, अशी साक्ष त्यांनी दिली. मंडळी रडली. पाळकसाहेबांनी तर चष्माही पुसला.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. वन्सं निवृत्त झाल्या आणि त्यांनी उभारी देणारं पुस्तक लिहायला घेतलं. नऊ प्रकरणं त्यांनी भावजयीला आधी वाचायला दिली, आणि ती चांगली होती. चौथं तर तिने दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकाला चुकीची फ्रेम बांधून दिली. त्यात वन्संचे यजमान आजारी पडतात, सगळी मंडळी प्रार्थना करते, आणि ते जातात. वन्संनी काहीही गोड केलं नव्हतं. दहावं प्रकरण मात्र त्यांनी राखून ठेवलं. भावाला आणि भावजयीला चकित करायचं म्हणून ते गेल्या रविवारी आधी चर्चच्या पत्रकात छापून आलं. त्यात ती रात्र होती, सकाळची बाटली होती, आणि शेवटचं वाक्य होतं: त्यानंतर त्याने थेंबालाही स्पर्श केला नाही.

वाचकबाईने ते उभ्यानेच वाचलं आणि घडी घालून पिशवीत टाकलं. कपाटाशी लोकांनी विचारलं, "कसं आहे?" ती म्हणाली, "तुम्हीच वाचा." एवढं गुळमुळीत उत्तर तिने आजवर कुठल्याही पुस्तकाला दिलं नव्हतं.

आणि आज, गुरुवारी, दुकानात शिवणवाली आली. ही पडदे शिवून देणारी, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारी. नवऱ्याच्या चष्म्याची काडी वाकली होती. वाकली म्हणजे तो पिऊन चष्म्यावर पडला होता. काडी गरम होईपर्यंत ती बोलत राहिली.

"शनिवारचा दवाखाना बंद केला बघा. दारू सोडायच्या त्या गोळ्याही थांबवल्या. उगाच त्यांची वणवण. पत्रकातलं वाचलं आणि ठरवलं, उद्या रात्री प्रार्थनेला बसायचं. एक रात्र तर आहे."

"गोळ्या थांबवू नका," वाचकबाई म्हणाली.

"तुमच्याकडे गोळ्या होत्या का?"

वाचकबाईच्या हातातली काडी जास्त तापली आणि वितळून वळली. तिला नवी बसवून द्यावी लागली.

घरी आली तर वाटेत खोकी, आणि खोक्यांपाशी वन्सं.

"शिवणवालीचं सांगितलंय मी तुम्हाला," ती आता म्हणाली. "तिनं गोळ्या थांबवल्यात."

"तिची श्रद्धा मोठी आहे."

"श्रद्धा मोठीच आहे, वन्सं. प्रकरण खोटं आहे."

वन्संनी चष्म्यावरून बघितलं. वर्ग गप्प बसवायची त्यांची ही जुनी नजर होती. "खोटं? मी त्या खोलीत होते. ह्याच खोलीत. गुडघे अजून दुखतात माझे."

"ताई," नवरा म्हणाला. त्याने ब्रश खाली ठेवला होता. "तू सोमवारी परत गेलीस. त्यानंतर मी तीनदा घेतली."

वन्सं म्हणाल्या, "केव्हा?"

"पहिल्यांदा त्याच आठवड्यात."

"दुसऱ्यांदा माझ्या परीक्षेच्या वेळी," लेक म्हणाली.

"तुलाही माहीत होतं?"

"आत्या, मी इथेच राहते."

वन्सं खाली, खोक्यावरच बसल्या. "आणि मला कुणी सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला."

"सांगणार कसं, ताई? तू भर चर्चमध्ये सांगून मोकळी झाली होतीस. लोक माझा हात हातात घेऊन रडत होते. मी पुन्हा घेतली म्हटलं असतं तर तुझी साक्ष खोटी पडली असती. म्हणून दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा धरला. बस बदलून जायचो. ओळखीचं कुणी भेटायला नको."

"एकटा जायचास?"

"ही असायची ना. बसमध्ये वाचत बसायची."

वाचकबाईच्या बऱ्याचशा मतांचा जन्म त्या बसमध्ये झाला होता.

"मी ती रात्र काढली होती," वन्सं म्हणाल्या, आता हळू.

"काढलीत. त्याबद्दल कुणी शब्द काढत नाहीये. बाटली ओतली तीही खरी. पण तुम्ही तिथंच थांबलात."

"चौथ्या प्रकरणात मी लिहिलंय की नाही, देवानं ऐकलं नाही म्हणून?"

"लिहिलंत. तुमच्या पुस्तकातलं तेच सगळ्यात चांगलं आहे."

"मग एका तरी प्रकरणात त्यानं माझं ऐकलेलं असू नये का?"

इतकी पुस्तकं वाचून हा प्रश्न वाचकबाईने कुठल्याही लेखिकेच्या बाजूने कधी विचारला नव्हता. तिने वन्संच्या शेजारचं खोकं ओढलं आणि तीही बसली.

"ऐकलंच की, वन्सं. हे बसलेत ना समोर, बटण घेऊन. पण एका रात्रीत नाही ऐकलं. तुम्हाला लांबलेलं चालत नाही, तुम्ही घंटा झाली की वर्ग सोडणाऱ्या."

वन्संना हसू आलं नाही, पण रागही आला नाही. "आता काय करायचं? रविवारी प्रकाशन आहे. पाळकसाहेबांनी चार शब्द बोलायला तुझं नाव घातलंय. पुस्तकाबद्दल तुझ्याइतकं कुणाचं ऐकत नाहीत लोक. तू छान म्हटलंस की संपलं. एवढं म्हणशील ना? शिवणवालीला मी बाजूला घेऊन सांगीन काहीतरी."

"काय सांगाल?"

वन्सं खोक्याची दोरी चाचपू लागल्या.

"आणि तिच्यासारख्या आणखी किती असतील, त्यांना कोण बाजूला घेणार? प्रत्येकीला एकेक रात्र ठरवू द्यायची का?"

"अगं, पण माझं नाव चारचौघांत," नवरा म्हणाला. "मला अजून त्यांच्यात बसायचंय."

"नाव कुठे लिहिलंय मी," वन्सं म्हणाल्या. "'माझा भाऊ' एवढंच आहे."

"तुला भाऊ किती आहेत, आत्या?" लेकीने विचारलं.

नवऱ्याने बटण उचललं, दाबून बघितलं, पुन्हा खाली ठेवलं. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने नको म्हटलं असतं तर ती बोलणार नव्हती. पडला होता तो, ती नव्हे. हे त्यालाही कळत होतं, म्हणूनच त्याला वेळ लागला.

"तो शिवणवालीचा नवरा," तो शेवटी म्हणाला, "त्याच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात तो आत बसून राहिला होता. दार उघडलं तरी बाहेर येईना. मी ओळख दिली नाही." मग बायकोकडे बघून म्हणाला, "बोल तू. पण तीनदा म्हणू नकोस, दोनदा म्हण. तिसऱ्यांदा नुसती बीअर होती."

"बीअर धरते मी," ती म्हणाली.

"धर मग."

वाचकबाई उठली. आत जाऊन तिने चौघांची ताटं आणली, टेबलावरचं बटण आणि ब्रश बाजूला सारला आणि ताटं मांडता मांडता म्हणाली:

"रविवारी मी बोलणार. नऊ प्रकरणं चांगली आहेत, चौथं सगळ्यात चांगलं, हे सांगणार. दहावं अर्धंच आहे, पुढचं अर्धं ह्यांनी तीनदा पडून आणि गोळ्या घेऊन पुरं केलं, तेही सांगणार. पण शिवणवाली उद्याच बसणार आहे, तिला रविवारचं सांगून उपयोग नाही. जेवण झालं की मी आणि हे तिच्या घरी जातोय. शनिवारी तिच्या नवऱ्याला दवाखान्यात हे नेतील. वन्सं, तुम्ही जेवून जा."