संमती कुणाची?

माझी मुलगी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होती. मोठी यंत्रे बंद पडतात ती बहुधा रात्री, आणि रात्री ती चालू करून दाखवणाऱ्यालाच तिथे पुढे विभागप्रमुख करतात. म्हणून तिने रात्रपाळी मागितली. उत्तरादाखल तिच्या हाती छापील संमतिपत्र आले. खाली सहीची जागा: वडील अथवा पती.

न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात तो कागद आला. कायद्याला संमती लागते ती काम करणाऱ्या स्त्रीची, तिच्या बापाची नव्हे. मी तोंड उघडण्यापूर्वीच मुलीने कागदाची घडी घातली. "बाबा, तुम्ही सही करायची नाही. करीन तर मी करीन."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो. मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी मला खुर्ची दिली. इंजिनिअर उभीच राहिली.

"काका, हे तुमच्याच काळजीपोटी. उद्या काही झालं, तर जाब तुम्हीच विचाराल."

"तिच्याबरोबर लागलेल्या मुलांच्या वडिलांच्या सह्या दाखवा."

"मुलांचं वेगळं असतं हो, काका."

मी कामगार कार्यालयाला पत्र लिहिले, मग स्मरणपत्र, मग त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र. गावात पारावरून विचारणा झाली, "अण्णा, पोरीला रातचं कामाला धाडाया सरकारशी भांडताय व्हय? लई शिकलेलं घर हाय बाबा!" तिकडे मुलीला सुट्या भागांच्या नोंदी करायला बसवले. विभागप्रमुखपद तिच्यानंतर लागलेल्या मुलाला मिळाले. तिला रात्रपाळीचा अनुभव नाही, असे कारण दिले गेले.

तिने राजीनामा दिला. तो एकाच दुपारी मंजूर झाला. त्याखाली बापाची सही कुणालाही हवीशी वाटली नाही. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक अडचण' हे शब्द त्यांनीच भरले. अडचण आमच्या कुटुंबात नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

त्यानंतर कार्यालयाचे उत्तर आले: संबंधित महिला सेवेत नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी अपील लिहायला घेतले. मुलगी शेजारी शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत होती.

"बाबा, आता माझ्या नावानं नको."

"मग कुणाच्या?"

"तिथे अजून दोघी आहेत. पण आधी त्यांना विचारा."

मी विचारले. एकीने फोन उचलला नाही. दुसरीने, मी विषय काढताच, फोन वडिलांच्या हाती दिला.