पाच वॅटचा आवाज

इचोडा गावाजवळच्या एका वस्तीत सोजरबाईचा गळा सगळ्यांच्या ओळखीचा होता. कापूस वेचताना ती गायला लागली की पलीकडच्या वावरातल्या बाया हात थांबवून ऐकत. पुढे भीमगीतांच्या गायन पार्टीत तिनं पार भैंसा गावापर्यंत जयंतीचे स्टेज गाजवले. नवरा लवकर गेला. मजुरी करून तिनं मुलाला, संघपालला, शिकवून मास्तर केलं, पण गाणं सोडलं नाही.

वयानं मात्र आवाज थकला. उंच पट्टीत गेला की मधेच चिरायचा. त्यातच पार्टीत माणसाच्या उंचीचे स्पीकर आले. नेरडीगोंड्याच्या कार्यक्रमात त्या दणदणाटात तिला स्वतःचाच सूर ऐकू येईना. कडव्याच्या मधेच ती थांबली, माइक ठेवला आणि खाली उतरली. त्यानंतर भांडी घासतानासुद्धा ती कधी गुणगुणली नाही.

संघपालला गिटारचा नाद. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो हैदराबादहून एक खोकं घेऊन आला. आतून निघाली कणकेच्या डब्याएवढी पेटी, समोर कापडाची जाळी लावलेली.

"हे काय आणलं बाबू? रेडिओ हाय का?"

"गिटारचा अँप हाय, माय. गिटारचा आवाज मोठा करते. लई जुना नमुना. मधी कंपनीनं बनवणं बंद केलं होतं, आता पुन्हा तसाच बनवला. पाच वॅटचा."

"पाचच?" सून प्रगती हसली. "एवढ्याशा आवाजात काय होते?"

संघपालनं गिटारची वायर पेटीला जोडून बटण दाबलं. काहीच झालं नाही. बिघडलेलाच आणला की काय, असं सोजरबाईला वाटलं.

"थांब, तापून राह्यला," तो म्हणाला.

पेटीच्या मागे काचेच्या नळ्या होत्या. त्यांच्यात हळूहळू केशरी उजेड धरला, चुलीत निखारा फुलावा तसा. मग बारीक घरघर सुरू झाली. संघपालनं एक तार अलगद छेडली. गोल, ऊबदार सूर खोलीत पसरला आणि सावकाश विरला. मग त्यानं तीच तार जोरात ओढली. आता सुराच्या कडा फाटल्या, त्यात खरखर आली, पण सूर काही तुटला नाही. उलट भरून आल्यासारखा झाला.

सोजरबाई भिंतीजवळून उठून पेटीजवळ येऊन बसली.

"आता काऊन फाटला रे?"

"जोर दिला की याले पेलत नाई, माय. मंग असा फाटते. लोक याच्याचसाठी तर घेतात याले."

"फाटलेल्या आवाजासाठी?"

"हो ना."

तिला ते खरं वाटेना. तिनं पुन्हा वाजवायला लावलं. आधी हळू, मग जोरात. पेटीवर तळहात ठेवला. लाकूड कोमट होतं आणि आतून थरथरत होतं. किती तरी वेळ तिनं हात काढला नाही.

आणि ती गायला लागली. नेरडीगोंड्याला अर्धं सोडलेलं तेच कडवं. उंच जागा आली, आवाज चिरला. संघपालनं त्याच सुरावर तार ओढली. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिसळले की कोणता कुणाचा, ते प्रगतीला कळेना. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात उभी राहिली. सोजरबाई या वेळी थांबली नाही.

बुद्धपौर्णिमेला विहारात माइक लावलाच नाही. स्टुलावर ती पेटी, शेजारी संघपाल आणि चटईवर सोजरबाई. ती गात असताना रस्त्यावरचे ट्रक सोडले तर कशाचाच आवाज नव्हता. गाणं संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही. शेजारची बयनाबाई पुढे येऊन तिच्या गळ्याला हात लावून म्हणाली, "बाई, आदी तू लई गोड गायची. पण आज अंगावर काटा आला वं."

 सोजरबाई हसली आणि तिनं पाणी मागितलं.

आता दर पौर्णिमेला ती विहारात सगळ्यांच्या आधी जाऊन बसते. पेटीचं बटण स्वतःच दाबते. नळ्या उजळेपर्यंत तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नाही.