सालीसकट आलेली ऑर्किडं

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलाही मीच पहिला. त्यामुळे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. पण हे गिळून गप्प बसणं मला जमत नाही.

अब्बा दुबईत, जबल अली बंदराजवळ एका रोपांच्या गोदामात कामाला आहेत. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. एके सकाळी तिथे कुठल्याशा दूरच्या बेटावरून ऑर्किडांची खोकी आली. कागदावर लिहिलं होतं, ‘रोपवाटिकेत वाढवलेली’. अब्बा एकेक रोप घेऊन जुन्या टूथब्रशने मुळं घासत होते. गिऱ्हाइकाला स्वच्छ माल लागतो.

मी एक रोप उचललं. मुळं एका बाजूने चपटी, त्यांना झाडाची साल चिकटलेली, सालीवर शेवाळ आणि दगडफूल. गावाला आमच्या फणसावर सीतेची वेणी, तेही ऑर्किडच, अशीच घट्ट धरून असते. ओढली तर साल घेऊनच येते. कुंडीतल्या रोपाला साल येणार कुठून? ही रोपं त्या बेटावरच्या जंगलातून, धुक्याने भिजलेल्या फांद्यांवरून ओरबाडली होती.

“अब्बा, घासू नका. हा पुरावा आहे.”

“पुरावा तुझ्या कॉलेजात. इथे त्याला कचरा म्हणतात,” अब्बा म्हणाले. पण ब्रश थांबला.

मी गोदामाच्या साहेबांकडे गेलो. अब्बाही मागोमाग आले. साहेब पुण्याचे. साल, शेवाळ, चपटी मुळं, सगळं अडखळत सांगितलं. ही जात त्या एका बेटावरच असेल तर अशाने संपेल, पुढची ऑर्डर तरी देऊ नका, म्हणालो.

“सालीवरून कळतं होय? आमच्या क्वालिटीवाल्यांना नाही कळलं,” साहेब म्हणाले. मग अब्बांकडे वळून, “चाचा, मुलगा हुशार आहे तुमचा. व्हिजिट व्हिसावर आलाय ना? मॉल-बिल दाखवा त्याला.”

अब्बा मान खाली घालून हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आणि तसं हसायला लावणाऱ्याचा त्याहून जास्त.

परत आल्यावर कॉलेजातल्या आमच्या सरांच्या मदतीने, तिथे काढलेले मुळांचे फोटो जोडून, मी दुबईच्या तपासणी खात्याला तक्रार पाठवली. पुढचा माल तपासू, असं उत्तर आलं. मला खरंच वाटलं, पुढच्या खोक्यात साल सापडेल आणि उरलेली रोपं तरी झाडावर राहतील.

महिन्याभराने अब्बांचा फोन आला. खोकी आली होती, तपासणीही झाली होती.

“सगळं पास झालं,” अब्बा म्हणाले. “मला ब्रश हातात घ्यावाच लागला नाही. या वेळी मुळं बेटावरूनच घासून पाठवलीयत.”