पाटावरची पाळी

दोन हजार तीनच्या सुमारास नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे आम्ही न्यू मेक्सिकोतल्या एका जुन्या स्पॅनिश गावात घर घेतलं. मागे जमिनीचा तुकडा होता. त्यात मिरची आणि मका लावायचं मी ठरवून टाकलं. गाव वसवणाऱ्या स्पॅनिश कुटुंबांनी नदीवरून पाट आधी खणला आणि चर्च मागाहून बांधलं. शहाणी माणसं. पाऊस इथे नावापुरता.

पाण्याची पाळी हवी तर वसंतात पाट साफ करायला घरटी एक माणूस आलाच पाहिजे. न आल्यास त्या वर्षी पाणी नाही. नेमका त्याच शनिवारी नवरा न्यू जर्सीत होता.

"फ्लाइट बदलून येऊ का?" त्याने फोनवर विचारलं.

"नको. तुझं खणणं मी पाहिलंय."

गेले तर सगळे पुरुष. पाणी वाटायला गावाने निवडलेला म्हातारा पाटकरी माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "सेन्योरा, मजूर पाठवायचा."

"कुठून आणू? सगळं गाव इथे उभंय."

हशा पिकला. त्याने फावड्याच्या दांड्याने मोजून माझा तुकडा आखून दिला. शेजारच्या तुकड्यावरचा मिशीवाला म्हणाला, "जेवायला घरी गेली की परत येत नाही, बघा."

"डबा आणलाय," मी म्हणाले. "तुम्ही?"

माझं माहेर नाशिककडचं. तिथे बंधाऱ्याचं पाणी वाटून घेतात, पाट सगळे मिळून साफ करतात. पण बायका न्याहारी पोचवतात, फावडं धरत नाहीत. त्यामुळे मी गाळ हाताला सोपा पडेल त्या काठावर टाकत गेले. अर्धा तुकडा झाल्यावर पाटकरी आला.

"हा चढाचा काठ. इथला गाळ घसरून परत पाटात येणार. उताराच्या बाजूला टाका."

"सगळा?"

"पाणी हवंय ना?"

सगळा पलीकडे टाकला. तळहाताला फोड आले, त्यावर रुमाल बांधला. ऊन उतरताना पाटकऱ्याने तळावरून फावडं ओढत नेलं. कुठे अडलं नाही.

"मंगळवारी दुपारी. तुमच्यानंतर यांची पाळी," तो मिशीवाल्याकडे बोट दाखवत म्हणाला.

मंगळवारी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पाटातून आमच्या जमिनीत पाणी सोडायच्या दाराची फळी उचलली. पाणी सरीसरीतून सरकत गेलं. मिशीवाला कुंपणाशी घड्याळ बघत उभा.

"सेन्योरा, वेळ झाली!"

"दोन मिनिटं आहेत अजून."

शेवटची सरी भिजली, तशी मी फळी खाली टाकली. "घ्या आता."