चौथी भाकरी

लालबागला आमच्या आईची खानावळ होती आणि तिचीच मुलगी उपाशी मरत होती. याहून लाजिरवाणी गोष्ट अख्ख्या गिरणगावात दुसरी नसेल.

कोकणातून एकटे आलेले दहा-बारा गिरणी कामगार आमच्या खोलीत दोन पंगतींनी जेवत. मी पंधरा वर्षांची असताना त्यांतला एक जण माझ्याकडे बघत म्हणाला, "वयनीच्या हातची भाकरी चेडवाच्या अंगाक बरी लागली हा." सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून मी जेवण तोडलं. त्यात माजही होता. एवढ्या बाप्यांना भूक आवरत नाही, मला आवरते, असं वाटायचं. शेवटी नळावर हंडा उचलताना चक्कर येऊन पडले, तेव्हा आईने परळच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदम सगळं नको. महिनाभर दुपारी एक अख्खी भाकरी. ती जमली की पुढचं बघू." आईने चुलीशेजारच्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढायचं ठरवलं. दुपारी ती वाढण्यात बुडालेली असे, "खाल्लंस?" एवढंच विचारी. मी "खाल्लं" म्हणे आणि रेघ पडे. रेघा वाढताना बघून मलाही बरं वाटायचं, बरं व्हायचंही होतं. घास हातात घेतला की मात्र तो परत ताटात ठेवायची.

माझी भाकरी जायची एकाच्या डब्यात. हा माणूस दुपारपाळीला जाई, कधी कुणाशी जास्त बोलत नसे. डबे भरायचं काम माझं. प्रत्येकाला तीन भाकऱ्या, त्याला चार. त्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या वर्षी पंगतीत संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नव्हता. एका हरताळाच्या दिवशी गिरण्या बंद होत्या. सगळे डबे घेऊन शिवाजी पार्कच्या सभेला निघाले. ऐन वेळी आईला सुकटीची चटणी आठवली आणि ती घालायला तिने डबे उघडले. त्याच्या डब्याशी ती थांबली.

"ह्यां काय रे? तीनाच्यो चार कशो झाल्यो?" मग माझ्याकडे वळून, "तू किती घातलंस गो?"

"तीन," मी म्हटलं.

"माझां चेडू सुकान गेलां, नि तू भाकरी चोरतंस?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार. तो म्हणाला, "चुकी झाली, वयनी. मीच घेतली." चौथी भाकरी काढून त्याने टोपलीत ठेवली. दारातले बाकीचे फिदीफिदी हसत होते. दुसऱ्या दिवसापासून तो जेवायला आला नाही.

मी आठ दिवस गप्प बसले. भाकरी आता कावळ्यांना जात होती आणि भिंतीवर रेघा पडतच होत्या. नवव्या दिवशी आई कोळसा शोधू लागली आणि मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं. मार मिळेल वाटलं होतं. पंगत अर्धी वाढायची टाकून आई खाली बसली. मला वाटतं, ती तशी बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

रविवारी ती मला घेऊन त्याला शोधत वरळीच्या चाळीत गेली. तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता. आईने हात जोडले. तोच ओशाळला. "माका वाटलां, चेडू माझी कीव करून चौथी घालता," तो म्हणाला. "सांगलां असतां तर पोरीचां नाव वायट झालां असतां." मग मला विचारलं, "आता जेवतंस मा गो?"

मी "हो" म्हटलं.

त्या दिवशीही मी अर्धी भाकरी कावळ्यांना टाकली होती. त्याचा मात्र विश्वास बसला. इतका खूश झाला, की आईला म्हणाला, "मग झालां तां बऱ्यासाठी झालां."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला महिना मी पुरा केला तो पुढच्या वर्षी. कितीदा मोडला, पुन्हा पहिल्या दिवसापासून धरला. तब्येतीसाठी मी एवढं केलं नसतं. गॅलरीतल्या त्या माणसाला मी दुसऱ्यांदा फसवलं होतं आणि यावेळी तो खूश होता, हे मला गिळवत नव्हतं. महिना पुरा झाला त्या दुपारी मी एकटीच त्याला खरं सांगायला वरळीला गेले. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. तो गावी परत गेला, एवढंच त्यांना माहीत होतं.