मामाच्या गजराची चाल

मला गाण्यातलं काही येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी राग कुठला नि ताल कुठला असं विचारायला नको. मला फक्त ऐकता येतं, आणि ऐकल्यावर गप्प बसता येत नाही. शुक्रवारी नवीन गाणी येतात. ऑफिस सुटलं की मी हेडफोन चढवते आणि अंधेरीहून बोरिवलीला घरी येईपर्यंत आठवड्याचं सगळं पीक चाळून काढते. मग रात्रीचा कुकर लावता लावता व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकते: हे ऐका, हे ऐकू नका, ह्याच्या वाटेला जाल तर कानाची वाट लागेल. नवरा म्हणतो, तुला विचारलंय कोणी? नाही विचारलं. पण लोक बघतात ना!

आणि मी बोलते ते खरंच बोलते. हिंदीत सध्या निम्मी गाणी म्हणजे जुन्या गाण्याला कबरीतून उकरून मागे ढोल लावलेला असतो. उरलेली निम्मी मोबाईलवर नाचायला बनवलेली, कडवं यायच्या आत खलास. मराठीत तर आधी ड्रोनमधून समुद्र, मग होडी, मग नथ घातलेली नायिका वाळूतून धावत येते. अगं, नथ घालून कोण धावतं? पण मला नवीन ते सगळं वाईट म्हणणारी माणसंही आवडत नाहीत. साकीनाक्याच्या एका पोराचं रॅप मी गेल्या वर्षी महिनाभर ऐकलं, त्याने वर्कशॉपमधल्या लोखंड कापायच्या मशीनचाच ताल धरलाय. ते आणि आई सकाळी दूध तापवताना रेडिओवर ऐकायची ते एक भावगीत, ज्यात कडव्याच्या शेवटी गायिका हसते की हुंदका देते हे मला अजून कळलेलं नाही, ही दोन्ही माझ्या फोनमध्ये एकाखाली एक आहेत. दोन्ही झकास.

आमच्या अख्ख्या घराण्यात माझ्या ह्या वेडाला किंमत देणारा माणूस एकच, माझा घाटकोपरचा मामा. मामा भजनी बुवा आहे. आमच्याकडे मालवणात डबलबारी असते, म्हणजे दोन बुवांच्या भजनाचा सामना. आधी एक बुवा आपल्या मंडळींसकट गातो, मग दुसरा, आणि एकमेकांना टोमणे मारत, कोडी घालत चालतं. मुंबईत गणपतीच्या आधी हे सामने रविवारी दुपारी नाट्यगृहांत होतात आणि चाकरमानी डबे घेऊन येतात. त्यात शेवटी गजर असतो. देवाचं नाव, पण चाल नवीन, कुठल्यातरी गाजणाऱ्या गाण्याची, आणि ती अशी चढवत न्यायची की लोक खुर्चीवर बसूच नयेत. समोरच्या बुवाने जी चाल आधी गायली ती दुसऱ्याने गायची नाही. गायली तर उष्टं खाल्लं म्हणून लोक हसतात. म्हणून गजराची चाल बारीच्या दिवसापर्यंत लपवून ठेवतात. मामाकडे तालीम असली की खिडक्या बंद, पंखा फुल आणि मामी बाहेर जिन्यात बसून पहारा देते.

ही चाल मामाला कितीतरी वर्षं मीच शोधून देत आलेय. त्याचा फोन यायचा, "काय गो, नवीन काय इलां?" मी दहा गाणी पाठवायचे, तो त्यातलं एक उचलायचा. आणि मंडळींसमोर म्हणायचा, "ह्या चेडवाचो कान सोन्याचो असा." चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. दहावीला गणितात काठावर पास झालेल्या, ऑफिसात कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या मला ते एक वाक्य वर्षभर पुरायचं.

त्या वर्षी मला एक भारीच गाणं सापडलं. कोणा नवख्या मुलीचं होतं, कोणी ऐकलेलं नव्हतं. मुखडा छोटासा, दुसऱ्या ओळीनंतर श्वासाला जागा, आणि अंतरा वर जाऊन तिथे थांबतो आणि एकदम खाली येतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला मागून मामाचा पखवाज ऐकू आला. मामाचा म्हणजे काकांचा. काका म्हणजे मामाचे गावाकडचे मित्र, वाकोल्याला राहतात. मामाने पहिली बारी केली तेव्हापासून त्याच्या डाव्या हाताला पखवाज घेऊन तेच बसायचे. मामाला श्वास कुठे लागतो हे मामीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मामाला मी गाणं पाठवलं, त्याने ते काकांना ऐकवलं आणि दोघांनी मला फोनवर एकदमच सांगितलं, हाच गजर. "ही चाल भायर जावक नको हां," मामा म्हणाला. मी म्हटलं, मामा, मला काय आज ओळखतोस?

बारीच्या पंधरवडाभर आधीचा शुक्रवार. त्या दिवशी एकूण एक गाणी भिकार होती. स्टेटसला टाकायला शिव्यांशिवाय काही नव्हतं, आणि नुसत्या शिव्या दिल्या की लोक म्हणतात हिला काही आवडतच नाही. मला काहीतरी चांगलं दाखवायचं होतं. मला मिरवायचं होतं, असं सरळ म्हणते. मी त्या नवख्या मुलीचं गाणं टाकलं आणि खाली लिहिलं, हे कोणी ऐकलंय का, ह्याची चाल गजराला बसली तर लोक नाट्यगृह डोक्यावर घेतील.

लिहिताना मनात एकदा पाल चुकचुकली. पण म्हटलं, माझ्या स्टेटसचं एवढं कोण मनावर घेतंय? आमच्या ऑफिसात गोवंडीचा एक जण आहे, तो समोरच्या बुवांच्या मंडळात झांज वाजवतो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं नाही. त्याने लगेच आगीची दोन चिन्हं पाठवली आणि लिहिलं, कडक! मला इतका आनंद झाला की मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी स्टेटस आपोआप गेलं आणि मीही ते विसरले.

बारी मुलुंडला होती. मी नेहमीसारखी विंगेत, मामाची ज्येष्ठमध घातलेल्या पाण्याची बाटली सांभाळत उभी. समोरचे बुवा आधी गायले. चांगलेच गातात, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी गजर धरला आणि पहिल्या ओळीलाच मी विंगेतून पुढे डोकावले. तीच चाल. तोच मुखडा, तोच वर जाऊन थांबणारा अंतरा. लोक खरोखरच उभे राहिले. मी लिहिलं होतं तसंच.

मामा बसला तो जुनीच एक चाल घेऊन. ती त्याने पूर्वी इतक्यांदा गायलेली की लोकांना पाठ होती. टाळ्या पडल्या, पण वय झालेल्या माणसाला हात देऊन उठवतात तशा. मध्येच कोणीतरी ओरडलं, "बुवा, नवीन काहीतरी होऊन जाऊ दे!" मामाने पेटीवरून मान वर केली नाही. शेवटपर्यंत काकांनी मात्र असा पखवाज वाजवला की निदान गजर पडला नाही.

पडदा पडला आणि मामा काकांकडे वळला. दोन महिन्यांपूर्वी समोरच्या मंडळाच्या पखवाजवाल्याचा हात दुखावला होता, तेव्हा काका त्यांच्याकडे दोन कार्यक्रमांना बसले होते. मामाला विचारूनच बसले होते. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "तूच सांगितलंस त्यांका."

काका पखवाजाला खोळ घालत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मामाकडे पाहिलं, मग सावकाश नाडी बांधली, पखवाज खांद्याला लावला आणि म्हणाले, "बरां." बस्स, एवढंच. मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. मी दोन पावलांवर होते. बाटली माझ्या हातात होती. नुसतं "मामा, मी" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मला तेव्हा काकांचा चेहरा दिसतच नव्हता, मला फक्त ते सोन्याच्या कानाचं वाक्य ऐकू येत होतं, जे मला परत कधी ऐकायला मिळालं नसतं. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि मामाला पाणी दिलं.

त्यानंतर काका तालमीला आले नाहीत. मामाने दुसरा वाजवणारा आणला. मी मनाला शंभर कारणं सांगितली: चाल त्या लोकांनी स्वतःच शोधली असेल, गाणं काय सगळ्यांसाठीच असतं, दोघं म्हातारे आहेत, आज भांडतील उद्या बोलतील. शुक्रवार यायचे आणि मी गाणी लावायचे, पण कुठलंही गाणं सुरू झालं की मला मागून पखवाज ऐकू यायचा आणि मी ते बंद करायचे. स्टेटस टाकणं बंद झालं. लोक विचारायला लागले, बरी आहेस ना? मला स्वतःची शिसारी आली होती, ती कोणाला काय सांगू?

शेवटी गणपतीच्या आठवडाभर आधी घाटकोपरला गेले आणि सांगून टाकलं. मामा माळ्यावरून मखराचं सामान काढत होता. त्याने स्टुलावर उभ्या उभ्याच सगळं ऐकलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली उतरला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "चाल गेली तर गेली गो. चाली काय, येतत आणि जातत." मग म्हणाला, "माझो माणूस घालवलंस तू. आणि मी."

आम्ही दोघं तशीच रिक्षा करून वाकोल्याला गेलो. काकांनी दार उघडलं, या म्हणाले, काकूंना चहा टाकायला सांगितलं. मामाला माफी मागता येत नाही, त्याला फक्त देवाची मागता येते. तो म्हणाला, "चुकलंय रे मी. ह्या पोरीच्या फोनातून गेली चाल." मी मान खाली घालून सगळं पुन्हा सांगितलं.

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "मी बघितलं होतं ना तिचं स्टेटस. त्याच शुक्रवारी. म्हटलं, कोण मनावर घेतंय? बारीत ऐकलं तेव्हा कळलं."

मामा उसळलाच. "मगे तेव्हा बोललंस कित्याक नाय?"

"तू विचारलंस कुठे? विचारलं असतंस तर सांगितलं असतं." काकांचा आवाज अजिबात चढला नाही. "तू ठरवून मोकळा झालास. एवढी वर्षं तुझ्या बाजूला बसलो, तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

मामाने कप खाली ठेवला. मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे हो. मी ते टाकायलाच नको होतं."

काका माझ्याकडे वळले. "टाकलंस त्याचा राग नाही गं मला. पोरं टाकतात. पण तू थंयच उभी होतंस."

थंयच, म्हणजे तिथेच, दोन पावलांवर, बाटली हातात घेऊन. चहा प्यायलो. काका गावच्या आंब्याच्या कलमांविषयी बोलले, गुडघ्याच्या ऑपरेशनविषयी बोलले, काकूंनी घावन खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. निघताना मामाने दारात चपला घालता घालता विचारलं, "गणपतीक येशील ना?" काका म्हणाले, "दर्शनाक येतलंय."

आणि खरंच आले. गौरींच्या दिवशी दुपारी मामाकडे घरचं भजन असतं. सामना नाही, हार-जीत नाही, चाळीतली आणि नात्यातली माणसं. काका आले तेव्हा मामा पेटीवर बसलाच होता. त्याच्या डाव्या बाजूची चटई त्याने रिकामी ठेवली होती, पखवाज तिथेच आडवा ठेवलेला. नवा वाजवणारा जरा मागे सरकून बसला होता, त्याला मामाने आधीच सांगून ठेवलं असणार. काकांनी गणपतीला फूल वाहिलं, मामीच्या हातून प्रसाद घेतला आणि दाराजवळ, पाहुण्यांमध्ये, भिंतीला टेकून बसले.

अभंग होईपर्यंत मामाने कसंबसं भागवलं. मग गजराची वेळ आली. मामाने त्याच नवख्या मुलीच्या गाण्याची चाल धरली, दोन महिने खिडक्या लावून बसवलेली ती. मुखडा एकदा म्हटला आणि तो थांबला. पेटीचा भाता हलवत राहिला, सूर धरून, दाराकडे बघत. सगळी माणसं दाराकडे बघायला लागली. मी मनातल्या मनात गणपतीला म्हणत होते, उठव रे, त्यांना उठव, मी पुन्हा जन्मात तोंड उघडणार नाही.

काका उठले नाहीत. त्यांनी नव्या वाजवणाऱ्याकडे बघून हात केला. "वाजव रे, लय पडता."

त्याने वाजवलं. बरं वाजवलं. मामा गायला, अंतरा वर गेला, थांबला, खाली आला, आणि घरातली माणसं खरोखर उठून उभी राहिली. गजर संपल्यावर खूप टाळ्या पडल्या. काकाही टाळ्या वाजवत होते, छान मनापासून. मामाच्या गाण्यात ते हात पखवाजावर मी लहानपणापासून बघत आलेय, पण त्यांना टाळ्या वाजवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.